रोजच्या संसारात नामजप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नामजप सुरू करणाऱ्या, सुरू करून थांबलेल्या आणि वर्षानुवर्षं करूनही मनात शंका असलेल्या लोकांचे प्रश्न पुन्हा पुन्हा तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं नोकरी, घर, मुलं, आजारपण सांभाळून जप करणाऱ्यांसाठी आहेत. अनुष्ठान किंवा पुरश्चरण (ठरावीक संख्येचा, नियमबद्ध जप) करायचं असेल, तर त्याचे नियम जाणकाराकडूनच समजून घ्यावेत.

माझ्याकडे वेळच नाही. मग जप कसा करणार?

वेळ दोन प्रकारचा लागतो. एक, दिवसातली पाच-दहा मिनिटांची ठरलेली बैठक. दुसरा, दिवसभरातल्या मोकळ्या जागा: लिफ्टची वाट पाहणं, बसथांबा, दूध उतू जाऊ नये म्हणून गॅससमोर उभं राहणं, झोप लागण्याआधीचा काळ. दुसऱ्या प्रकारचा वेळ आपल्या सगळ्यांकडे आहे. आज तो बहुतेक फोनमध्ये जातो, एवढंच.

दोन्ही हवेत, हा माझा आग्रह आहे. नुसती सकाळची बैठक केली तर जप देवघरातच राहतो आणि ऑफिसात पाऊल ठेवताच सुटतो. नुसता येता-जाता केला तर तो वरवरचा होतो आणि महिनाभरात विसरला जातो. बैठकीत नाम मनात मुरतं, म्हणून गर्दीत ते आपोआप आठवतं.

कोणता मंत्र घ्यावा?

घरात जो चालत आला आहे, तो आधी पाहा. आजी जे नाम घेत होती, ते तुमच्या कानात लहानपणापासून आहे. त्याला वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही.

महाराष्ट्रात घराघरांत चालणारी नामं पुष्कळ आहेत. वारकऱ्यांचा ‘रामकृष्णहरि’ आहे. ‘श्रीराम जय राम जय जय राम’ हा तेरा अक्षरांचा मंत्र समर्थ रामदासांच्या परंपरेतला. नाशिकजवळ टाकळीला बारा वर्षं राहून समर्थांनी त्याचा तेरा कोटी जप केला, असं परंपरा सांगते. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या गोंदवल्याच्या ब्रह्मचैतन्य महाराजांनी (१८४५–१९१३) हाच मंत्र हजारो संसारी माणसांना दिला. दत्तभक्तांकडे ‘दिगंबरा दिगंबरा श्रीपाद वल्लभ दिगंबरा’ हा टेंबे स्वामींचा अठरा अक्षरी मंत्र आहे. अक्कलकोटची माणसं ‘श्री स्वामी समर्थ’ म्हणतात, शेगावची ‘गण गण गणात बोते’. शिवभक्तांचा ‘ॐ नमः शिवाय’ आणि वैष्णवांचा ‘ॐ नमो भगवते वासुदेवाय’ तर सगळ्यांच्याच ओळखीचे आहेत.

यांत लहान-मोठं काही नाही. फक्त हे पाहा, की ते नाम चालताना, धाप लागली असताना, अर्धवट झोपेतही सहज तोंडात येतं का. संस्कृतातला लांब मंत्र शब्द आठवत म्हणावा लागत असेल, तर तो सकाळच्या पूजेसाठी ठेवा आणि दिवसभरासाठी लहानसं नाम घ्या.

एकदा निवडलं की बदलू नका. कुणी व्हिडिओत सांगितलं की अमुक मंत्राने पैसा येतो, तमुकने लग्न जुळतं, म्हणून दर दोन महिन्यांनी नाम बदलणारे लोक मला दिसतात आणि वाईट वाटतं. अशाने एकही नाम मनात घर करत नाही.

गुरूकडून घेतल्याशिवाय मंत्र फळत नाही म्हणतात. खरं का?

दीक्षेचे मंत्र वेगळे आणि नाम वेगळं. बीजमंत्र, तांत्रिक उपासना, गायत्रीचं पुरश्चरण यांना अधिकार, दीक्षा, उच्चाराची शुद्धी हे सगळं सांगितलेलं आहे आणि ते पाळावं. रामाचं, विठ्ठलाचं, दत्ताचं नाम घ्यायला परवानगी लागत नाही.

गुरूंचं महत्त्व मात्र मी कमी करणार नाही. खुद्द तुकोबांनी आपल्याला स्वप्नात बाबाजी चैतन्यांकडून ‘रामकृष्णहरि’ मिळाल्याचं अभंगात सांगितलं आहे; माघ शुद्ध दशमी, गुरुवार हा दिवससुद्धा नोंदवला आहे. गुरूंकडून मंत्र, म्हणजे अनुग्रह मिळाला तर आनंदाने घ्या. पण तो मिळेपर्यंत हात जोडून बसून राहायचं कारण नाही. आणि मंत्रासाठी मोठी रक्कम मागणाऱ्या, किंवा ‘सोडलास तर अनर्थ होईल’ अशी भीती घालणाऱ्या माणसापासून लांब राहा.

किती माळा कराव्यात?

सुरुवातीला एक, म्हणजे १०८ वेळा नाम. तेरा अक्षरी मंत्राची एक माळ शांतपणे केली तर साधारण पाच-सहा मिनिटं लागतात. ‘श्री स्वामी समर्थ’ची त्याहून कमी वेळात होते. एक माळ महिनाभर एकही दिवस न चुकता झाली, की मग दुसरीचा विचार करा. पहिल्याच आठवड्यात अकरा माळांचा नेम धरणारे बहुतेक तिसऱ्या आठवड्यात थांबतात.

माळ ओढायची पद्धत काय? बोटात घालायचा काउंटर चालतो का?

माळ मधल्या बोटावर ठेवून अंगठ्याने एकेक मणी आपल्याकडे ओढायचा. तर्जनी लावत नाहीत. १०८ मणी झाले की मेरुमणी, म्हणजे माळेच्या जोडावरचा वेगळा मणी येतो. तो ओलांडायचा नाही, तिथून माळ उलटी फिरवायची. डोळे मिटलेले असले तरी बोटांना मेरुमणी लागला की माळ पूर्ण झाल्याचं कळतं, हा त्याचा साधा उपयोग. पुष्कळ ठिकाणी १०८ची माळ झाली तरी जप शंभरच धरतात. वरचे आठ चुकलेल्या, अडखळलेल्या नामांपोटी सोडून देतात. मला हा रिवाज फार आवडतो. आपण चुकणार आहोत हे त्यात आधीच मान्य केलेलं आहे.

वैष्णव तुळशीची माळ वापरतात, शैव रुद्राक्षाची. जपाची माळ गळ्यात घालायच्या माळेपेक्षा वेगळी ठेवतात. गोमुखी, म्हणजे हात आणि माळ झाकणारी कापडी पिशवी असेल तर उत्तम. प्रवासात ती माळ सांभाळायला आणि लोकांच्या नजरांपासून दूर ठेवायला उपयोगी पडते.

माळ जवळ नसेल तर बोटांची पेरं आहेतच. अंगठा सोडून चार बोटांची बारा पेरं, त्यावर नऊ फेऱ्या म्हणजे १०८. काउंटरही चालतो. फक्त आकड्याकडे दर मिनिटाला नजर जायला लागली की तो खिशात ठेवून द्या.

मोठ्याने म्हणावा, पुटपुटावा की मनात?

तिन्ही. ऐकू येईल असा तो वाचिक, नुसते ओठ हलतात तो उपांशु, आणि मनातल्या मनातला तो मानस. ग्रंथांत मानस जप श्रेष्ठ म्हटला आहे, म्हणून नवखी माणसं थेट तिथून सुरुवात करतात आणि दोन मिनिटांत भाजीच्या यादीत पोहोचतात. मन फार उधळलं असेल तर आधी चार-पाच मिनिटं मोठ्याने म्हणा, मग ओठांत, मग मनात. लोकलमध्ये अर्थातच मनात.

काम करता करता जप खरंच होतो का? का ती मनाची समजूत?

होतो. आपल्याकडच्या संतांचं सगळं आयुष्य याच प्रश्नाचं उत्तर आहे. जनाबाईंची दळणकांडणाची कामं नामदेवांच्या घरात संपत नव्हती. अरणचे सावतोबा मळ्यातच होते; तेरचे गोरोबा चिखल तुडवत होते. संसार टाकून नाम घ्या, असं यांच्यापैकी कुणी सांगितलं नाही.

पण कोणत्याही कामात जमत नाही, हे लक्षात घ्या. हाताला वळण पडलेली, शब्द न लागणारी कामं निवडा. पोळ्या लाटणं, भाजी निवडणं, खुरपणी, धुणं वाळत घालणं, झाडलोट, चालणं. यात नाम सहज बसतं, कारण एरवी त्या वेळात मन जुनी भांडणंच उगाळत असतं. सुरुवातीला सगळ्या दिवसावर नाम पसरू नका. एकच काम ठरवा. उदाहरणार्थ, सकाळी पोळ्या करताना. पोळपाट बाहेर आलं की नाम सुरू. पंधरा-वीस दिवसांत असं होतं की पोळपाट दिसताच नाम आठवतं. मग दुसरं काम जोडा.

चालताना पावलांशी नाम बांधता येतं. ‘श्रीराम’ला दोन पावलं, ‘जय राम’ला दोन, ‘जय जय राम’ला तीन, असं ज्याचं त्याला जमेल तसं. ज्यांना लोकलने दीड-दोन तास जावं लागतं त्यांच्यासाठी तो प्रवास म्हणजे मोठी ठेव आहे. बसायला जागा मिळाली तर डोळे मिटून. उभं राहावं लागलं तर एका स्टेशनपासून पुढच्या स्टेशनपर्यंत, एवढाच नेम. डब्यात भजनी मंडळ असेल तर प्रश्नच मिटला.

आणि वाट पाहणं. बँकेची रांग, डॉक्टरांचा दवाखाना, शाळा सुटण्याआधी फाटकाबाहेरची दहा मिनिटं, ओटीपीची वाट. या जागा फुकट मिळालेल्या आहेत.

जप कधी करू नये?

जिथे कुणाच्या जिवाची जबाबदारी तुमच्या लक्षावर आहे तिथे. घाटात गाडी चालवताना, यंत्रावर काम करताना, औषधाचा डोस मोजताना, मूल पाण्याजवळ खेळत असताना लक्ष त्या कामातच असलं पाहिजे. गोरोबांची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे: भजनात रंगून चिखल तुडवताना रांगतं मूल पायाखाली आलं. विठ्ठलाने ते परत दिलं, असं कथा सांगते आणि भक्तीची तल्लीनता म्हणून आपण ती ऐकतो. पण त्या कथेत मुलाची आईसुद्धा आहे, आणि तिचा आक्रोशही आहे. मला ती आठवते, म्हणून हे उत्तर इतकं ठामपणे लिहितो आहे.

समोरचा माणूस काही बोलत असताना मनात जप करणंही टाळा. बायको दिवसभराचं सांगते आहे आणि नवरा माळ ओढतो आहे, हे नामस्मरण नव्हे. त्या वेळी तिचं ऐकावं. गाडीत बसल्यावर, किल्ली फिरवण्याआधी तीनदा नाम घ्या आणि मग रस्त्याकडे पाहा.

मन एक क्षण टिकत नाही. माळ संपते आणि एकही नाम लक्षात नसतं.

हे सगळ्यांना होतं, आणि पहिली काही वर्षं होतच राहतं. मन भटकलं हे कळणं आणि परत नामावर येणं, हाच जपातला खरा व्यायाम आहे. एका माळेत वीस वेळा परत आलात तर वीस वेळा काम झालं. कपाळाला आठ्या घालून विचारांशी झुंजू नका. विचार येऊ द्या आणि त्याच्या मागे न जाता पुढचं नाम घ्या.

काही गोष्टी उपयोगी पडतात. आपण म्हटलेलं नाम आपल्याच कानांनी ऐका. मनात म्हटलं तरी आतला आवाज ऐकता येतो. गती थोडी कमी करा. घाईने म्हटलेल्या जपात शेवटची अक्षरं गिळली जातात आणि त्याच फटीतून विचार शिरतो. श्वासाची सांगड आपोआप बसली तर बसू द्या: श्वास घेताना ‘श्रीराम’, सोडताना उरलेलं. ओढूनताणून श्वास लांबवू नका, चक्कर येते.

पतंजलींनी ॐकाराच्या जपाबरोबर त्याच्या अर्थाची भावना सांगितली आहे. म्हणजे ज्याचं नाम घेतो त्याची थोडी आठवण असू द्यावी. पंढरपूर पाहिलं असेल तर विटेवरचे पाय. एवढं पुरतं.

आणि तरीही मन लागलं नाही तर माळ पूर्ण करून उठा. न लागलेल्या मनाने केलेली माळसुद्धा नेमात धरायची.

बसलं की झोप येते.

आधी झोप पुरी करा. पाच तास झोपून पहाटे चारला ब्राह्ममुहूर्त गाठण्याचा हट्ट नोकरी करणाऱ्यांनी धरू नये. एरवीही येत असेल तर डोळे अर्धे उघडे ठेवा, मोठ्याने म्हणा किंवा उभं राहून, येरझाऱ्या घालत माळ करा. रात्री अंथरुणावर जप करता करता झोप लागली तर मात्र फारच चांगलं.

पाळीच्या दिवसांत, सुतकात जप करावा का?

नाम घ्यावं. ज्ञानदेवांच्या हरिपाठात नामाला काळवेळ नाही असं स्पष्ट सांगितलं आहे आणि नामसंप्रदायाने तेच धरलं आहे. देवघरात जाणं, मूर्तीला स्पर्श, सोवळ्यातली पूजा, वैदिक मंत्रांचं अनुष्ठान यांविषयी घराघरांचे नियम वेगळे आहेत. ते पाळायचे की नाही, हे त्या घरातल्या बाईने ठरवावं. पण महिन्यातले चार दिवस नामही बंद ठेवायचं, हे मला कधीच पटलं नाही. पोटात दुखतं आहे, अंग गळून गेलं आहे, तेव्हा तर त्याची गरज जास्त. माळ नको वाटत असेल तर पेरांवर मोजा किंवा मोजूच नका.

सुतकाचंही तसंच. घरात माणूस गेल्यावर पहिल्या रात्री झोप येत नाही. तेव्हा नाम घेऊ नका असं सांगणं मला कठोर वाटतं.

राग आला, भीती वाटली की जपाचा उपयोग होतो का?

आधी सवय असेल तर होतो. गांधीजींनी आत्मकथेत लिहिलं आहे की लहानपणी त्यांना भुताखेतांची भीती वाटे, आणि घरातल्या रंभा नावाच्या दाईने त्यावर रामनाम सांगितलं. त्या वयात पेरलेलं ते पुढे आयुष्यभर त्यांना पुरलं. परीक्षेच्या दाराशी, शस्त्रक्रियेच्या टेबलावर पहिल्यांदाच नाम आठवायला गेलात तर ते हाताला लागणार नाही. म्हणून साध्या, शांत दिवसांत त्याची ओळख वाढवायची.

रागाचं म्हणाल, तर बोलण्याआधी जमल्यास जिना उतरून खाली जा आणि नाम घेत दहा मिनिटं भरभर चाला. परत आल्यावर मुद्दा तोच असेल, आवाज वेगळा असेल. मात्र अन्याय गिळण्यासाठी जप वापरू नका. मार खाणाऱ्या बाईला ‘नाम घे, सहन कर’ असं सांगणारे लोक नामाचा अपमान करतात. तिने मदत मागावी, पोलिसांकडे जावं आणि नामही घ्यावं.

याला काही शास्त्रीय आधार आहे का?

थोडा आहे. २००१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये इटलीतल्या संशोधकांचा एक अभ्यास आला होता. २३ निरोगी माणसांना लॅटिनमधली रोझरी (ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना) आणि ‘ॐ मणि पद्मे हुं’ हा बौद्ध मंत्र म्हणायला लावलं, तेव्हा दोन्हींत श्वास मिनिटाला साधारण सहापर्यंत मंदावला आणि रक्तदाबाचे चढउतार सांभाळणारी शरीराची यंत्रणा अधिक तत्पर झाली. २०१८ मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ सायकियाट्री’त युद्धाच्या आघाताने त्रस्त असलेल्या १७३ माजी अमेरिकन सैनिकांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांना आपल्या आवडीचा मंत्र निवडून तो दिवसभरात अधूनमधून म्हणायला शिकवलं होतं. तुलनेसाठी दिलेल्या दुसऱ्या उपचारापेक्षा या पद्धतीने त्यांचा त्रास जास्त कमी झाला.

हे अभ्यास लहान आहेत. जपाने कर्करोग बरा होतो, साखर उतरते असं त्यांतून कुणीही सिद्ध केलेलं नाही. तसे संदेश पुढे पाठवू नका.

नैराश्याच्या, रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. जप सुरू केला तर त्या सोडता येतील का?

नाही. गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच कमी-जास्त करायच्या. जप त्यांच्या जोडीने करा.

एक गोष्ट जास्त सांभाळून सांगायची आहे. ज्यांना मंत्रचळ आहे, म्हणजे पुन्हा पुन्हा हात धुणं, मोजणं, ‘हे केलं नाही तर वाईट होईल’ असं वाटणं, त्यांना जपाची मोजणीच कधी कधी जाच होते. माळ चुकली म्हणून पुन्हा, एक नाम अशुद्ध झालं म्हणून पुन्हा. असं होत असेल तर मोजणी लगेच थांबवा आणि मानसोपचारतज्ज्ञांना हे मोकळेपणाने सांगा. कानावर आवाज येत असतील, दिवसेंदिवस झोप नसेल, तर जप वाढवू नका, उपचार घ्या.

मी विपश्यना करतो. सोबत जप चालेल का?

इगतपुरीच्या परंपरेत साधना श्वास आणि संवेदना यांवर आहे आणि शिबिराच्या काळात मंत्र बाजूला ठेवायला सांगतात. शिबिरात त्यांचं तंतोतंत ऐका. घरी आल्यावर एका बैठकीत दोन्ही मिसळू नका. पुढे कोणती वाट धरायची ते शांतपणे ठरवा.

मी हिंदू नाही, किंवा देव मानत नाही. मला काही करता येईल का?

वसई-गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत संध्याकाळी रोझरी होते, मुसलमान घरांत तस्बीह (जपमाळ) ओढतात, जैनांकडे णमोकार मंत्र आहे. आपल्या घरचंच धरा. वर सांगितलेलं बैठकीचं, कामाचं, मन भटकण्याचं सगळं तिथेही लागू पडतं. देव मानत नसाल तर ज्या शब्दाचा तुम्हाला मनापासून आदर आहे तो घेऊन पाहा. भक्त जे सांगतात ते त्यात मिळेल असं मी म्हणणार नाही. पण थोडी स्थिरता नक्की येते.

नेम मोडला तर पाप लागतं का?

नाही. आज उरलेल्या दिवसात एक माळ करा. काल राहिलेल्या माळा आज भरून काढू नका, त्याने कर्ज फेडल्यासारखं वाटायला लागतं आणि मग माळ नकोशी होते.

मुलांना जपाला बसवावं का?

बसवू नये, ऐकू द्यावं. झोपवताना, केस विंचरताना तुम्ही नाम घ्या. अभ्यासात गुण मिळावेत म्हणून सक्तीने १०८ वेळा म्हणायला लावलं तर मोठेपणी ते मूल माळेकडे पाहणारही नाही.

वडील अंथरुणाला खिळले आहेत, बोलता येत नाही. त्यांच्यासाठी काय करू?

त्यांचं नेहमीचं नाम कोणतं होतं ते आठवा आणि तेच घ्या, तुमचं नको. उशाशी बसून, हात हातात घेऊन, त्यांच्या श्वासाच्या गतीने, हळू आवाजात. नामाचं अखंड वाजणारं यंत्र लावून खोलीबाहेर जाऊ नका. थकलेल्या माणसाला सततचा आवाज सोसवत नाही. ते झोपले की थांबा. सेवेसाठी बाई ठेवली असेल तर तिलाही सांगून ठेवा.

लिखित जपाच्या वह्या भरल्या आहेत. त्यांचं काय करायचं?

आधी हे सांगतो, की लिखित जप फार चांगला आहे, विशेषतः ज्यांचं मन बसल्या जागी टिकत नाही त्यांच्यासाठी. हात, डोळे आणि मन एकाच जागी येतात. रोज एक पान पुरे, आणि अक्षर सावकाश काढा. भरलेल्या वह्या पुष्कळ मठ-मंदिरं स्वीकारतात. तुमच्या जवळच्या ठिकाणी आधी विचारून मगच घेऊन जा. नदीत, तलावात सोडू नका. कुणीच घेत नसेल तर कागद भिजवून त्याचा लगदा करा आणि अंगणातल्या एखाद्या झाडाच्या मुळाशी मातीत मिसळा. प्लॅस्टिकचं वेष्टन आणि टाचण्या तेवढ्या आधी काढून घ्या.